आत्म्यासाठी पाणी तापवणारी माणसं

आत्मा म्हटलं की आपल्या डोक्यात एक ठरलेलं चित्र उभं राहतं. शस्त्र त्याला कापत नाही, पाणी भिजवत नाही, आग जाळत नाही. इतका अलिप्त की त्याच्यासाठी काही करायची सोयच नाही. सारान्स्कला जाईपर्यंत मलाही वाटायचं की आत्म्याचा दुसरा कुठला नमुना असूच शकत नाही. मग एर्झ्या लोकांचा आत्मा भेटला. तो भिजतो. त्याला भूक लागते, करमत नाही, बसायला बाक लागतो. ईस्टरच्या आधी गरम पाण्यानं अंघोळ लागते आणि अंघोळीनंतर टेकायला उशीही लागते.

सारान्स्क ही रशियातल्या मोर्दोव्हिया प्रजासत्ताकाची राजधानी. मॉस्कोहून रात्रीची गाडी पकडली की सकाळी तिथं. भारतातून डॉक्टर व्हायला आलेल्या पोरापोरींची या शहरात बऱ्यापैकी गर्दी असते, त्यातलीच मी एक. सुरुवातीचा काळ हाडं, स्नायू आणि रशियन विभक्ती पाठ करण्यातच गेला. सरकारी इमारतींवर तीन भाषांत पाट्या दिसायच्या, पण रस्त्यावर, बसमध्ये, मेसमध्ये सगळे रशियनच बोलायचे, त्यामुळे उरलेल्या दोन भाषा कुणाच्या हा प्रश्न पडायला बराच वेळ लागला. ‘मोर्दवा’ हे बाहेरच्यांनी ठेवलेलं नाव. आत दोन निराळे समाज आहेत. पश्चिमेकडे मोक्षा नदीच्या अंगाला मोक्षा (नावावर जाऊ नका, मुक्तीशी काही संबंध नाही) आणि पूर्वेकडे सुरा नदीच्या अंगाला एर्झ्या. दोघांच्या भाषा फिनिश आणि हंगेरियनच्या लांबच्या गोतावळ्यातल्या. त्यांचं रशियनशी नातं नाही, आणि एकमेकांशी असलं तरी एर्झ्या माणसाला मोक्षा बोलणं धड कळत नाही.

मला जे काही कळलं ते वर्गातल्या एका एर्झ्या मैत्रिणीच्या आजीमुळे. तिला सगळेच बाबुश्का म्हणायचे, मीही. सुट्टीत तिच्या गावी गेलं की ती पाचाल्क्सेत करायची, म्हणजे वरीच्या पिठाची जाडजूड धिरडी, वर लोण्याचा गोळा. अशाच एका सकाळी खाणं आटोपल्यावर तिनं पलंगाखालची पेटी ओढली, एक गाठोडं बाहेर काढलं आणि माझ्यासमोर सोडलं. ते तिचं मरणाचं गाठोडं होतं. एक पानार, म्हणजे कशिद्याचा लांब पांढरा अंगरखा, तिच्या आईच्या हातचा. पांढरे मोजे, कोरे. दोन डोक्याचे रुमाल. पेटी खड्ड्यात उतरवायला जवसाच्या धाग्याचं जाड कापड. आणि टॉवेल, ढीगभर. हे खड्डा खणणाऱ्यांना, हे पेटी उचलणाऱ्यांना, आणि हा एक, लाल काठाचा, खिडकीचा. मोज्याची एक शिवण उसवली होती, ती तिनं तिथंच बसून घातली. धाग्याला गाठ मारली नाही आणि सुई प्रत्येक टाक्याला स्वतःपासून लांब नेली. मेलेल्याच्या कपड्यांना असेच टाके घालायचे, म्हणाली. आवाजात भीती नाही, दुःख नाही. लेकीच्या लग्नाची बस्त्याची यादी वाचावी तसा सूर.

त्या दिवसांत मी रोज फॉर्मॅलिनच्या वासात उभी राहून मृतदेहाच्या नसा मोजत होते. देह म्हणजे काय हे आम्हाला फार बारकाईनं शिकवलं जात होतं. त्या देहाला उद्या कुणाकडे जायचंय, याचा विचार डिसेक्शन हॉलमध्ये कुणी करत नव्हतं.

एर्झ्यामध्ये आत्म्याला ओय्मे म्हणतात, मोक्षात वाय्मे. श्वासाशी बांधलेला, शेवटच्या श्वासाबरोबर तोंडावाटे निघणारा. म्हणून कुणाचा जीव जाता जात नसला की खिडकी उघडायची, धुराड्याची झडप सरकवायची, त्याला वाट करून द्यायची. उशाशी पाण्याचं भांडं ठेवायचं, कारण देहातून निघाल्यावर त्याला आधी स्वतःला धुवायचं असतं. खिडकीला टॉवेल लावायचा, कारण धुतलं की पुसायला हवं. हा टॉवेल ४० दिवस तिथंच राहतो, कारण तेवढे दिवस आत्माही घराच्या आसपासच राहतो. शेजारच्या रशियन खेड्यांतही बरंचसं असंच करतात. शेकडो वर्षांचा शेजार असल्यावर भांडी आणि चालीरीती दोन्हींची देवाणघेवाण होणारच. पण रशियन शेजाऱ्यांचा आत्मा ४० दिवसांनी न्यायनिवाड्याला जातो. एर्झ्यांचा आत्मा दुसऱ्या गावात राहायला जातो, आणि माझ्या मते फरक सुरू होतो तो इथून.

या दुसऱ्या गावाला तोना ची म्हणतात. तिथं घरं आहेत, शेतं आहेत, जनावरं आहेत, भाऊबंद आहेत. त्याचं दार गावाच्या स्मशानभूमीत. स्मशानात जो सगळ्यांत आधी पुरला गेला तो तिथला प्रमुख, कालमोन किर्दी, म्हणजे थडग्यांचा राखणदार. नवा माणूस पुरताना आधी त्याची विनवणी करायची, याला आत घे, याच्या माणसांजवळ जागा दे. म्हणजे सरपंचपद बिनविरोध आणि कायमचं. मी हे हसत बोलून गेले, तर बाबुश्का म्हणाली, ‘हसतेस काय, ओळखीचं कुणी नसेल तर नव्या जागी माणूस बावरतोच ना?’ मी सारान्स्कच्या होस्टेलमध्ये पहिल्या दिवशी दोन बॅगा घेऊन उभी होते तेव्हाची माझी अवस्था आठवली आणि गप्प बसले.

बायका प्रेतावर जे विलापगीत म्हणतात, लाइशेमात, त्यात निम्मे निरोपच असतात. तिकडे गेल्यावर माझ्या आईला शोध, तिला इकडचं असं असं सांग, धाकट्याला सांभाळून घे. रडणं आणि टपाल एकाच वेळी. जुन्या काळी पुरुषाबरोबर झाडाच्या सालीचे जोडे विणायची आकडी ठेवत, बाईबरोबर चाती, सुई, दोरा, शिवाय थोडे पैसे. काही ठिकाणी शवपेटीला बाजूनं लहानशी खिडकी पाडत, बाहेर बघायला. उत्खननात सापडलेल्या मध्ययुगीन कबरीही अशाच भरलेल्या आहेत, दागिने, कुऱ्हाडी, सुऱ्या. एर्झ्यांचं डोकं उत्तरेला, मोक्षांचं दक्षिणेला. पुराणवस्तू संशोधक कबर कुणाची ते ठरवताना आजही ही दिशा बघतात. आपापल्या लोकांत, आपापल्या तोंडानं, हातात आपापलं काम घेऊन माणूस तिकडे जातो. या आत्म्याला विश्रांती फारशी दिसत नाही, पण तो बेकार आणि एकटाही नाही.

आता चाळिसावा दिवस. यासाठीच खरं तर हा सगळा लेख.

त्या दिवशी मेलेला माणूस शेवटचा घरी येतो, आणि यायचं म्हणजे अंग लागतं. म्हणून गावातला एक जण त्याच्या जागी बसवतात. एर्झ्यात त्याला एझेमोझाय म्हणतात, मोक्षात वास्तोझाय. पुरुषासाठी पुरुष, बाईसाठी बाई, साधारण त्याच वयाचं, शक्यतो दोस्तीतलं. मेलेल्याचे कपडे तो घालतो. घरातल्या मानाच्या कोपऱ्यात, बाकावर उशी घालून त्याला बसवतात. बायकापोरं येऊन वाकतात, गळ्यात पडतात, त्याच्या आवडीचं खायला घालतात. आणि मग विचारतात, तिकडे कसं चाललंय? तो सांगतो. एकोणिसाव्या शतकात रशियन वांशिक अभ्यासकांनी ही उत्तरं लिहून ठेवली आहेत आणि ती वाचताना मजा येते. शेजारीपाजारीही आपापल्या मेलेल्यांची चौकशी करायला जमतात आणि त्यांना कळतं की अमक्याच्या बापानं तिकडे चांगले घोडे घेतलेत, तमक्याचं बरं चाललंय, एक जण मात्र तिथंही दारूपायी वाया गेला. मेल्यावर माणूस सुधारतो अशी कुणाची अपेक्षा नाही. संध्याकाळ उलटली की त्याला मिरवत स्मशानात पोचवायचं, तिथं पुन्हा खाऊ घालायचं आणि निरोप घ्यायचा.

आपल्याकडे दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना झाला की सगळे अंदाज बांधत बसतात. मुलीच्या लग्नाचं राहिलं असेल, घराच्या वाटणीचं असेल, ‘आम्ही बघतो’ म्हणून कुणीतरी हात जोडतं. कावळा काही बोलत नाही. एर्झ्यांनी हा अंदाजाचा खेळ ठेवलाच नाही. मेलेल्याला सरळ बोलायला तोंड दिलं. त्याला विचारा, तो सांगेल. त्याला सुनवा, तो ऐकेल.

बाबुश्काचा नवरा गेला तेव्हा मैत्रिणीनं मला चाळिसाव्याला नेलं. मी दाराजवळच्या स्टुलावर बसून होते. त्याच्या जागी आला होता त्याचा मासेमारीचा जोडीदार, शेजारच्या गल्लीतला. आजोबांचा तपकिरी कोट त्याला दंडात घट्ट होत होता. डोक्यावर त्यांचीच टोपी. दारातून आत आला तेव्हा थोडा लाजलेला, एखाद्याच्या घरी पहिल्यांदा जेवायला आल्यासारखा. पण बाकावर बसला, बाबुश्कानं त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि त्याचं नाव न घेता नवऱ्याच्या नावानं हाक मारली, तेव्हा त्याची पाठ ताठ झाली. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती भांडली. बटाटे काढायच्या दिवसांत गेलास, तळघराची फळी मोडकी ठेवून गेलास, थोरल्याशी अबोला धरला होतास तो तसाच ठेवून गेलास. मैत्रीण माझ्या कानात भाषांतर करत होती, तीही अर्धं हसत, अर्धं रडत. तो माणूस खाली बघून सगळं ऐकत राहिला. मग म्हणाला, थोरल्याला सांग, मी रागावलेलो नाही. फळी पोरांकडून बसवून घे. थोरला तिथंच चुलीपाशी उभा होता. पन्नाशीचा माणूस, एकदम बाहेर निघून गेला.

मी नंतर डॉक्टर म्हणून बऱ्याच घरांतलं मरण पाहिलं. राहिलेलं भांडण हा त्यातला सगळ्यांत चिवट भाग, त्यावर आमच्याकडे औषध नाही. हा माणूस दुसऱ्याचा कोट घालून एका दुपारी ते काम करून गेला. त्यात आत्मा खरोखर आला होता की नाही, हा प्रश्न मला तेव्हाही पडला नाही. त्या खोलीत तो विचारणं अडाणीपणाचं ठरलं असतं.

याच विचाराचं दुसरं टोक म्हणजे मेलेल्या मुलीचं लग्न. लग्नाआधी मुलगी गेली तर तिच्या चाळिसाव्याला काही गावांत तिचं लग्न लावत, तिच्या मैत्रिणींपैकी एकीला नवरीच्या वेशात बसवून, लग्नाची गाणी म्हणून. तिकडे संसार आहे, तर तिला तिथं अर्धवट कसं पाठवायचं? मी हे पाहिलेलं नाही आणि पाहायची माझी छातीही नाही.

अंघोळीचं सांगायचं राहिलं. ईस्टरच्या आधी, पवित्र आठवड्यात, घरोघरची बान्या तापवतात. बान्या म्हणजे अंगणातलं लाकडी वाफेचं न्हाणीघर. आधी घरची माणसं न्हातात, मग पाणी, बर्चच्या पाल्याची जुडी आणि स्वच्छ कपडे तसेच ठेवून दार लोटून घेतात आणि पूर्वजांना बोलावतात, आजोबा-पणजोबा, आज्या-पणज्या, ज्यांची नावं आठवतात ते आणि ज्यांची आठवत नाहीत तेही. न्हाऊन झालं की घरात बाकावर त्यांच्यासाठी अंथरूण, उशी, समोर जेवण. सण संपला की फाटकापर्यंत पोचवायला जायचं. पूर्वजांना घरी ठेवून घेत नाहीत, हे लक्षात ठेवा. पाहुणा कितीही लाडका असला तरी वेळेवर परत गेलेला बरा, नाहीतर जनावरं आजारी पडतात, पोरं दचकून उठतात. प्रेमाइतकीच भीतीही यात मुरलेली आहे. जुन्या प्रथांवर लिहिणारे हल्लीचे हौशी लोक ती भीती गाळून टाकतात आणि मग सगळं फार गोडगोड होऊन जातं.

स्मशान म्हणजे जर नातेवाइकांचं गाव, तर ते जाळणं म्हणजे काय, हे १७४३ साली एका बिशपला कळलं. निझ्नी नोव्गोरोदचा बिशप द्मित्री सेचेनोव. सरकारनं मोर्दवांना बाप्तिस्मा देण्याची मोठी मोहीम काढली होती, करमाफीचं आमिष आणि सैनिकांचा धाक दोन्ही हाताशी. त्या वर्षी मे महिन्यात तो तेर्युशेवो भागातल्या सार्लेय गावावरून जात होता. चर्चजवळच जुनं मोर्दवा स्मशान दिसलं, त्यावरची लाकडी बांधकामं दिसली. त्यानं ते उद्ध्वस्त करून जाळायला सांगितलं. गावकरी दांडकी घेऊन धावून आले आणि बिशपमहाराजांना एका धर्मगुरूच्या तळघरात लपून जीव वाचवावा लागला. तिथून जो उठाव पेटला तो आजूबाजूच्या गावांत पसरला आणि चिरडायला फौज आणावी लागली. म्होरक्या नेस्मेयान वासिल्येव. बाप्तिस्मा घेऊन मग क्रूस काढून टाकला होता त्यानं, म्हणून त्याला जाळून मारलं.

इतिहासाच्या पुस्तकांत या उठावाची कारणं सांगताना कर, जमीन, जुलूम असं सगळं येतं, आणि ते खरंच आहे. पण ठिणगी पडली ती स्मशानावर, याचं मला नवल वाटत नाही. ज्यांचे आजोबा वर्षाला अंघोळीला घरी येतात, त्यांच्या डोळ्यांदेखत आजोबांचं गाव पेटवलं होतं.

बाप्तिस्मा शेवटी झालाच. आज बहुतेक एर्झ्या-मोक्षा ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहेत, बाबुश्काच्या कोपऱ्यातही मेरीमातेची तसबीर होती आणि चाळिसाव्याला सकाळी पाद्री येऊन प्रार्थना म्हणून गेला होता. दुपारी कोटवाला माणूस येणार हे त्याला ठाऊक नसेल असं कसं म्हणायचं? तो जेवायला मात्र थांबला नाही.

मधमाश्यांची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही, जरी ती मला बाबुश्काकडून मिळालेली नाही. मेल्निकोव नावाच्या रशियन लेखकानं १८६०च्या दशकात मोर्दवांवर लिहिलं, त्यात आहे की निश्के देवाची आभाळात पोळी आहेत आणि चांगल्या माणसांचे आत्मे राणीमाशीभोवती माश्या असाव्यात तसे त्याच्याभोवती असतात. मेल्निकोव कादंबरीकारही होता आणि त्याचं सगळंच लिखाण अभ्यासक डोळे मिटून मान्य करत नाहीत. पण मधावर जगलेल्या, मधाचं पुरे नावाचं पेय सणासुदीला पिणाऱ्या जंगलातल्या लोकांनी स्वर्ग असा रचला असेल तर त्यात खोटं वाटण्यासारखं काही नाही. शिवाय इथंही आत्म्याला काम आहेच. मध गोळा करायचा.

एर्झ्यांनी १९९९ साली चुकाली गावाजवळ रास्केन ओझ्क्स ही सामूहिक प्रार्थना पुन्हा सुरू केली. तिथं पूर्वजांच्या नावानं श्तातोल, म्हणजे मोठी मेणबत्ती पेटवतात, गाणी, नाच, टीव्हीवाले, भाषणं. मी तिथल्या गर्दीचे व्हिडिओ पाहिलेत. छान आहेत. पण मेलेल्याशी बटाट्यांवरून भांडायची सोय मंचावर नसते.

आणि गावात ती सोय उरायची तर माणसं हवीत. २०१०च्या जनगणनेत रशियाभर ७ लाख ४४ हजार लोकांनी स्वतःला मोर्दवा, एर्झ्या किंवा मोक्षा म्हणून नोंदवलं होतं, २०२१ मध्ये तो आकडा ४ लाख ८४ हजारांवर आला. मैत्रीण अजून फोन करते. मागच्या खेपेला सांगत होती, त्यांच्या शेजारचे एक म्हातारे गेले आणि एझेमोझाय म्हणून बसायला त्या वयाचा एकही पुरुष गावात सापडेना. शेवटी पेन्झाहून आलेल्या तिशीतल्या जावयाला कोट घालून बसवलं. त्याला एर्झ्या येत नाही. बायका एर्झ्यात विचारत होत्या, बायको कानात सांगत होती आणि तो रशियनमध्ये उत्तरं देत होता. एक म्हातारी कुरकुरली, हा कसला आमचा माणूस, याला आपली भाषा येत नाही.

बाबुश्कानं तिला गप्प केलं. म्हणाली, आमची पोरं मेली की तिकडे जाऊन रशियनच बोलत असतील, तोही शिकला असेल त्यांच्याकडून. बस खाली आणि विचार तुला काय विचारायचंय ते.